जोडीतला एक पक्षी गेला, खोक्यात पिल्लं आहेत : खानदेशातल्या नव्या पाळणाऱ्यांसाठी

सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मादी मरून पडलेली दिसते आणि वरच्या घरट्याच्या खोक्यातून पिल्लांची कलकल ऐकू येते. नवा माणूस लगेच सिरिंज शोधायला धावतो, आणि पिल्लं बहुतेक वेळा या घाईनंच दगावतात. आईवेगळ्या पिल्लाला सर्वांत आधी ऊब हवी असते. अन्नाचा नंबर त्यानंतर. अंग गार पडलं की पचन थांबतं. त्या अवस्थेत भरवलेलं अन्न क्रॉपमध्ये, म्हणजे गळ्याखालच्या पिशवीत, तसंच पडून राहतं, आंबतं आणि दुसऱ्या दिवशी पिल्लू जातं. उबेत असलेलं आणि क्रॉप भरलेलं पिल्लू तीन-चार तास आरामात काढतं. तेवढ्या वेळात पुढची सगळी तयारी होऊ शकते.

हा लेख बजी, कॉकाटील (बाजारात ज्याला 'कॉकटेल' म्हणतात), आफ्रिकन लव्हबर्ड आणि कन्युअर यांच्यासाठी आहे. जळगाव-धुळ्याच्या दुकानांत बजीलाच सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात, तेव्हा आपल्याकडे नक्की कोणता पक्षी आहे ते आधी ठरवा. दोघांची पिल्लं वाढवण्याची रीत थोडी वेगळी आहे.

आपला हिरवा देशी पोपट आणि मोठा पहाडी पोपट यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार संरक्षण आहे. ते पाळता येत नाहीत आणि विकताही येत नाहीत. वादळात झाड पडून त्यांची पिल्लं सापडली, तर उबदार डब्यात ठेवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. परदेशी पक्ष्यांपैकी सन कन्युअर, ग्रीन-चीक कन्युअर, फिशर लव्हबर्ड असे बरेच पक्षी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या संरक्षित यादीत आहेत. त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते, आणि पिल्लं झाली किंवा पक्षी मेला तरी ते कळवावं लागतं. बजी, कॉकाटील आणि गुलाबी तोंडाचा लव्हबर्ड त्या यादीत नाहीत.

पहिला अर्धा तास

१. मेलेला पक्षी हातमोजे आणि मास्क घालून बाहेर काढा. वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून आणि पिसांतून पोपटांचा सिटॅकोसिस हा आजार माणसाला होतो, म्हणून हा मास्क. देह प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात अन्नापासून लांब ठेवा. बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर गोठून शवविच्छेदनासाठी खराब होतो. शक्य असेल तर त्याच दिवशी जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात न्या. पक्षी तपासणारे डॉक्टर आहेत का, हे आधी फोनवर विचारून घ्या.

२. पिल्लं एकेक करून तळहातावर घ्या. ती गरम लागतात की गार, क्रॉप भरलेला आहे की रिकामा, आणि कातडीचा रंग कसा आहे, या तीन गोष्टी बघा. कातडी गुलाबी आणि तुकतुकीत असेल तर ठीक. लालभडक आणि सुरकुतलेली असेल तर पिल्लाच्या अंगातलं पाणी कमी झालंय. पांढरट असेल तर गारठलंय.

३. गार पिल्लं दोन्ही तळव्यांत धरा, किंवा कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवा. अंग गरम व्हायला अर्धा तास लागतो. तोवर तोंडात थेंबही घालू नका.

४. मागे राहिलेल्या पक्ष्याकडे नीट बघा. तो फुगून बसलाय का, विष्ठा पातळ आहे का, खातोय का? पिंजऱ्यासमोर मोबाइल उभा करून तासभर चित्रीकरण करा आणि तुम्ही तिथून बाजूला व्हा. माणूस समोर असला की पक्षी खोक्यात जात नाही. मग आपण समजतो की त्यानं पिल्लं टाकली.

कॉलनीत, म्हणजे एकाच मोठ्या पिंजऱ्यात बऱ्याच बजी ठेवल्या असतील, तर ते खोकं लगेच बाहेर काढा. मालकीण नसलेल्या खोक्यात दुसरी मादी शिरते आणि आतली पिल्लं चोचीनं मारून टाकते. असं काही तासांतही घडतं.

मेला कशानं?

हे आधी ठरवा, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर आहेत. अंडं अडकून मादी गेली असेल (पोट फुगलेलं, आत अंडं हाताला लागतं), तर पिल्लांना धोका नाही. पक्षी उन्हानं गेला असेल, तर आधी खोक्याची जागा बदला. हिवाळ्यात हरभऱ्याचा पाला किंवा बांधावरची भाजी दिली असेल आणि ती फवारलेल्या शेतातली असेल, तर तो उरलेला पाला लगेच फेका. जिवंत राहिलेला पक्षी तोच पाला खाऊन पिल्लांना भरवत असतो. स्वयंपाकघराजवळ पिंजरा असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापला होता का ते विचारा. त्याचा धूर माणसाला जाणवतही नाही, पण पोपटवर्गातले पक्षी मिनिटांत मरतात.

पक्षी चार-आठ दिवस सुकत गेला असेल, हिरवट पातळ विष्ठा होत असेल, नाकातून पाणी येत असेल, तर संसर्ग धरून चाला. अशा घरातली पिल्लं दुसऱ्या कुणाच्या जोडीखाली मुळीच ठेवू नका. एका खोक्यातला आजार अख्ख्या गावातल्या पाळणाऱ्यांकडे पोचवायला एवढं पुरेसं असतं.

नर गेला की मादी?

हा भाग लक्ष देऊन वाचा. सगळीच पिल्लं हातावर घेण्याची, म्हणजे स्वतः भरवून वाढवण्याची, गरज बऱ्याचदा नसते, आणि जिवंत आई किंवा बाप हा तुमच्यापेक्षा केव्हाही चांगला भरवणारा असतो.

कॉकाटीलमध्ये नर-मादी दोघंही अंडी उबवतात आणि दोघंही भरवतात. साधारणपणे दिवसा नर बसतो, रात्री मादी. मादी गेली तर नर दिवसभर भरवत राहतो, पण रात्री बहुधा खोक्याबाहेर झोपतो आणि उघडी, म्हणजे अजून पिसं न फुटलेली, पिल्लं गारठतात. म्हणून दहा-बारा दिवसांखालची पिल्लं ब्रूडरमध्ये, म्हणजे ऊब देणाऱ्या खोक्यात, आणा. त्याहून मोठी, सुया (न उमललेली पिसं) फुटलेली दोन-तीन त्याच्याकडेच राहू द्या. नर गेला आणि मादी राहिली, तर ती रात्री ऊब देते. दिवसा तिला खायला बाहेर यावं लागतं तेवढ्या वेळात पिल्लं एकमेकांच्या उबेवर राहतात. तिच्याकडे दोन किंवा तीनच ठेवा, बाकीची काढा.

बजी आणि लव्हबर्डमध्ये उबवणं फक्त मादीचं काम. नर तिला भरवतो, ती पिल्लांना भरवते. बजीची मादी अगदी लहान पिल्लांना पोटातून येणारं दुधासारखं द्रव देते. त्याची बरोबरी कोणतीही पावडर करत नाही. म्हणून बजीचा नर गेला तर उलट करा : मोठी, तीन आठवड्यांपुढची पिल्लं हातावर घ्या आणि लहान आईकडे ठेवा. मादीच्या खोक्याच्या तोंडाशीच राळे (बाजारातली कांगणी), उकडलेलं अंडं आणि पाणी ठेवा, म्हणजे तिला लांब जावं लागणार नाही. बजीची मादी गेली, तर पिसं फुटू लागलेल्या पिल्लांना पुष्कळ नर भरवतात. उघडी पिल्लं मात्र लगेच काढावी लागतात.

आईबापाकडे ठेवलेल्या पिल्लांना 'पुरवणी' द्या. सकाळी, दुपारी आणि अंधार पडण्याआधी क्रॉप बघायचा. रिकामा असेल त्यालाच भरवायचं आणि परत खोक्यात ठेवायचं. संध्याकाळची फेरी सर्वांत महत्त्वाची, कारण रात्रभर कुणी भरवत नाही.

पिल्लं असेपर्यंत पिंजऱ्यात नवा जोडीदार सोडू नका. तो दुसऱ्याची पिल्लं मारतो.

दुसऱ्या जोडीखाली ठेवणं

मृत्यू संसर्गाचा नसेल आणि ओळखीत त्याच जातीची, त्याच वयाची पिल्लं असलेली जोडी असेल, तर हा मार्ग पहिला घ्या. वयातला फरक चार-पाच दिवसांपेक्षा जास्त नको, नाहीतर लहान पिल्लू चिरडलं जातं. संध्याकाळी उजेड कमी झाल्यावर, त्या खोक्यातला भुसा पिल्लाच्या अंगाला हलकेच लावून, अर्धवट भरलेल्या क्रॉपनं ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भरवलं गेलंय का बघा. नुकत्याच फुटलेल्या बजीचं वजन जेमतेम २ ग्रॅम असतं. ते नवख्याच्या हातून जगवणं फार अवघड आहे, म्हणून त्याच्यासाठी तरी जोडी शोधाच.

न फुटलेली अंडी उरली असतील तर तीही अशाच जोडीखाली सरकवा. नाहीतर इन्क्युबेटर ३७.५ अंशांवर लावा.

ब्रूडर

औषधाच्या किंवा मासळीच्या दुकानात थर्माकोलचा खोका सहज मिळतो. सुमारे दोन फूट बाय दीड फुटाचा घ्या. वरच्या बाजूला हवेसाठी बोटाएवढी चार-पाच छिद्रं पाडा. उबेसाठी २५ वॅटचे दोन तारेचे, म्हणजे जुन्या पद्धतीचे पिवळे बल्ब लावा. एलईडी बल्ब पुरेशी उष्णता देत नाही. नेहमी चुकतं ते इथंच. दोन बल्ब अशासाठी की रात्री एक उडाला तर दुसरा पिल्लं वाचवतो. बल्बभोवती छिद्रं पाडलेला पत्र्याचा डबा बसवा. त्यानं उजेड डोळ्यांवर येत नाही आणि पिल्लू भाजत नाही. बल्ब थर्माकोलपासून वीतभर लांब ठेवा, नाहीतर थर्माकोल वितळतं.

बल्ब थर्मोस्टॅटवर, म्हणजे ठरलेल्या तापमानाला बल्ब आपोआप चालू-बंद करणाऱ्या उपकरणावर, चालवा. अंडी उबवणीची यंत्रं बनवणारे वापरतात तो एसटीसी-१००० प्रकारचा डिजिटल थर्मोस्टॅट इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो. त्याचा सेन्सर पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर असला पाहिजे. झाकणाला चिकटवलात तर वर ३६ दाखवेल आणि खाली पिल्लं ३२ मध्ये बसलेली असतील. तापमान असं :

पहिले पाच दिवस ३५.५ ते ३६.५ अंश सेल्सिअस.
सहा ते दहा दिवस ३४ च्या आसपास.
सुया दिसू लागल्या की ३१-३२.
तिसऱ्या आठवड्यात, सुया उमलताना, २८-२९.
पाठ पिसांनी झाकली की २५-२६, आणि मग खोलीची हवा.

एकटंच पिल्लू असेल तर एक अंश जास्त ठेवा आणि टेकायला कापडाची छोटी गुंडाळी द्या. आकडे सुरुवातीसाठी आहेत, शेवटी पिल्लाकडेच बघायचं. ती एकमेकांवर चढून गठ्ठा करत असतील तर गार आहे. मान लांब करून, चोच उघडी ठेवून दूर दूर पसरली असतील तर गरम आहे. सैल ढीग करून शांत झोपली असतील तर बरोबर आहे.

ओलाव्यासाठी स्टीलच्या वाटीत ओला स्पंज ठेवून वर जाळी लावा. आर्द्रता ५० ते ६० टक्के असावी. पिल्लं प्लॅस्टिकच्या लहान डब्यात ठेवा. तळाला खरखरीत टॉवेलचा तुकडा आणि त्यावर टिश्यू पेपर. नुसता वर्तमानपत्राचा कागद घसरतो, आणि घसरणाऱ्या तळावर पाय फाकतात. लाकडाचा भुसा लहान पिल्लं गिळतात, तो नको. ब्रूडरच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. भरवलेल्या अन्नाच्या वासानं मुंग्या येतात आणि उघडं पिल्लू रात्रीत संपवतात.

सामान

१ मिलीची (इन्सुलिनची, सुई काढलेली), ५ मिलीची आणि १० मिलीची सिरिंज. कडा दुमडून पन्हाळीसारखा केलेला स्टीलचा चहाचा चमचा. ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा. सराफ वापरतात तसला खिशातला काटाही चालतो, आणि जळगावात तो शोधावा लागत नाही. ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर. हँडफीडिंग फॉर्म्युला : न्यूट्रीबर्ड ए-२१, केटी एक्झॅक्ट यांसारखी कोणतीही एक सीलबंद पावडर. सुटी विकली जाणारी, पुन्हा भरलेली पिशवी घेऊ नका. ती कधीची आहे ते कळत नाही, आणि उन्हाळ्यात तिच्यातला स्निग्ध भाग खवट होतो. उघडलेला डबा फ्रीजमध्ये ठेवा.

पावडर दुसऱ्या दिवशी मिळणार असेल तर एका रात्रीपुरतं हे चालतं : मऊ शिजवलेला भात, मूगडाळीचं पाणी आणि उकडलेल्या अंड्याचा बलक मिक्सरमधून काढून गाळून घ्या. गाईचं दूध, दुधात भिजवलेला पाव आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ देऊ नका. पक्ष्याला दुधातली साखर पचत नाही. कुस्करलेलं केळंही नको. रावेर-यावलकडे केळी घरोघरी असते म्हणून पहिला हात तिकडेच जातो. पण केळ्यात प्रथिनं आणि कॅल्शियम फार कमी, आणि उबेत ते क्रॉपमध्ये लवकर आंबतं.

फॉर्म्युला कालवणं

पाणी उकळून कोमट केलेलं. प्रमाण मापाच्या चमच्यानं घ्या, आणि डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळा. पहिले दोन दिवस एक भाग पावडरीला पाच ते सहा भाग पाणी, ताकाइतकं पातळ. तीन ते पाच दिवस तीन ते चार भाग पाणी, कढीसारखं. त्यानंतर दोन ते अडीच भाग, चमच्यातून सावकाश ओघळणाऱ्या पातळ पिठल्यासारखं. कालवून तीन मिनिटं थांबा. पावडर पाणी ओढून घट्ट होते, मग पुन्हा बघा.

भरवताना तापमान ३९.५ ते ४०.५ अंश सेल्सिअस, म्हणजे तापाच्या थर्मामीटरवर १०३ ते १०५ हवं. 'एच' किंवा 'हाय' दिसलं तर अन्न फार गरम आहे. बोटावर थेंब घेऊन अंदाज करू नका. भाकरी थापणाऱ्या हाताला जे कोमट लागतं ते क्रॉप भाजू शकतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, त्यात मधेच उकळते गोळे राहतात. वाटी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. उरलेलं फेकून द्या, पुढच्या वेळेसाठी ठेवू नका.

भरवणं

१. सकाळी पहिल्या भरवणीआधी, क्रॉप रिकामा असताना वजन करा आणि वहीत लिहा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत रोज साधारण १० ते १५ टक्के वाढ दिसली पाहिजे.

२. पहिलंच भरवणं असेल तर फॉर्म्युल्याऐवजी ओआरएसचं कोमट पाणी द्या. एक लिटरसाठीचं अख्खं पाकीट एक लिटर पाण्यातच कालवा. कमी पाण्यात केलं तर मीठ जास्त होतं.

३. पिल्लू टेबलावर टॉवेलवर बसवा. डाव्या हाताचा अंगठा आणि बोट डोक्याच्या दोन्ही बाजूंना, मान वर सरळ. दाबू नका.

४. सिरिंज पिल्लाच्या डाव्या बाजूनं चोचीत घाला आणि टोक त्याच्या उजवीकडे वळवा. पोपटांची अन्ननलिका मानेच्या उजव्या बाजूला असते. श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मागे मधोमध असतं. सरळ आत ढकललं तर अन्न तिथं जातं.

५. चोचीचे कोपरे हलके दाबले की पिल्लू डोकं खालीवर हलवू लागतं. ते हलवत असतानाच सिरिंज दाबा. त्या क्षणी श्वासनलिका बंद असते. थांबलं की तुम्हीही थांबा.

६. एका वेळचं प्रमाण वजनाच्या १० टक्के. ५ ग्रॅमला ०.५ मिली, २० ग्रॅमला २ मिली, ५० ग्रॅमला ५ मिली, ८० ग्रॅमला ८ मिली. क्रॉप मऊ फुग्यासारखा दिसला पाहिजे, ताणलेला नाही, आणि अन्न मानेत वर चढलेलं दिसता कामा नये.

७. हनुवटी, चोच आणि पाय कोमट पाण्यानं पुसा. चोचीत वाळलेलं अन्न राहिलं तर चोच वाकडी वाढते आणि तोंडात बुरशी होते.

सिरिंजवर हात बसला नसेल तर चमचा वापरा. वेळ दुप्पट लागतो, पण पिल्लू स्वतःच्या वेगानं गिळतं आणि फुप्फुसात अन्न जाण्याचा धोका बराच कमी होतो. प्रत्येक खोक्याची सिरिंज वेगळी ठेवा. भरवून झालं की गरम पाणी आणि भांड्याच्या साबणानं धुवा, दिवसातून एकदा दहा मिनिटं उकळत्या पाण्यात ठेवा. रबर सैल झालं की सिरिंज बदला. अडकून एकदम सुटणारी सिरिंज सगळं अन्न एका झटक्यात आत सोडते.

कॉकाटीलसाठी वेळापत्रक असं धरा : पहिले चार दिवस सकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत दर दोन तासांनी आणि मधल्या रात्री एकदा. पहिला आठवडा संपेपर्यंत दर तीन तासांनी, सकाळी सहा ते रात्री बारा. दुसऱ्या आठवड्यात सहा, दहा, दोन, सहा, दहा. तिसऱ्यात चार वेळा. चौथ्या आठवड्यापासून तीन वेळा. घड्याळापेक्षा क्रॉप बघा : जवळजवळ रिकामा झाला की पुढचं. आणि चोवीस तासांतून एकदा, म्हणजे पहाटेपर्यंत, तो पूर्ण रिकामा झालाच पाहिजे. जुन्यावर नवं घालत गेलात तर तळाचं अन्न आंबतं.

काय बिघडतं

सकाळी क्रॉपमध्ये अन्न राहिलेलं दिसलं, तर आधी ब्रूडरचं तापमान बघा. दहापैकी बहुतेक वेळा पिल्लू गार असतं किंवा फॉर्म्युला घट्ट आणि थंड दिलेला असतो. नवं अन्न देऊ नका. थोडं कोमट पाणी द्या, क्रॉप बोटांनी अगदी हलका चोळा, तापमान एक अंश वाढवा. तीन-चार तासांत उतरू लागला तर पुढचं भरवणं पातळ द्या. सहा-आठ तासांत हलला नाही, आंबूस वास आला, तोंडात पांढरे ठिपके दिसले, तर बुरशी किंवा जिवाणूंचा संसर्ग आहे. डॉक्टरांकडे न्या. बुरशीवर निस्टॅटिन देतात, पण मात्रा वजनावर ठरते आणि ती त्यांनीच ठरवावी. पिल्लू उलटं धरून क्रॉप पिळून काढण्याचा प्रकार करू नका. ते अन्न फुप्फुसात जातं.

भरवताना नाकातून फेस आला किंवा पिल्लू आ वासून धडपडू लागलं, तर ताबडतोब थांबा. डोकं किंचित खाली करून तोंड पुसा, उबेत ठेवा आणि पुढचे काही तास काही देऊ नका. श्वासाला 'टिक टिक' आवाज येऊ लागला तर न्यूमोनिया सुरू झालाय. त्याला डॉक्टर लागतो.

भाजलेला क्रॉप त्याच दिवशी दिसत नाही. पाच-सात दिवसांनी गळ्यावर लालसर, मग काळी खपली येते, आणि कधी भोक पडून अन्न छातीवर ओघळतं. तोवर माणूस ते गरम भरवणं विसरलेला असतो. यावर टाक्यांशिवाय इलाज नाही, आणि तेही खपली सुटू लागल्यावर.

पाय बाजूला फाकत असतील तर पहिल्या दोन आठवड्यांतच लक्ष द्या. तोवर हाडं मऊ असतात. दोन्ही पायांना कागदी सर्जिकल टेपनं नैसर्गिक अंतर ठेवून इंग्रजी आठच्या आकाराची सैल बांधणी करा. दोन-तीन दिवसांनी सोडून बघा आणि वाढीनुसार नवी बांधा. पिल्लू खोलगट वाटीत टिश्यूच्या आधारानं बसवलं तरी बराच फरक पडतो.

दोन दिवस लागोपाठ वजन वाढलं नाही, डोकं मोठं आणि बोटं काडीसारखी दिसू लागली, तर भरवणं कमी पडतंय, फॉर्म्युला फार पातळ आहे किंवा आत काही आजार आहे. वहीतले आकडे डॉक्टरांना दाखवा. नुसतं 'नीट खात होतं' एवढ्यावर कुणालाच काही ठरवता येत नाही.

आपल्या हवेत

भुसावळ-जळगावला मे महिन्यात पारा ४४-४५ वर जातो. तिथं ब्रूडरचा प्रश्न उलटा होतो, कारण थर्मोस्टॅट गरम करतो, गार करत नाही. नुकत्याच फुटलेल्या पिल्लाला खोलीची ३६ अंशांची हवा चालते. पण सुया फुटलेलं पिल्लू त्याच हवेत धापा टाकतं. अशी पिल्लं पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका. तळमजल्याची, जाड भिंतीची खोली शोधा, खोका जमिनीवर ठेवा, खिडकीला ओलं गोणपाट लावा, खोक्याशेजारी पाण्यानं भरलेला माठ ठेवा. कूलरचा झोत थेट ब्रूडरवर येऊ देऊ नका. कूलरच्या दमट हवेत पावडरीत गोळे होतात आणि बुरशी लवकर धरते, म्हणून टिश्यू दर भरवणीला बदला. खरं तर मार्चच्या मध्यापासून जोड्यांची खोकीच काढून टाकावीत. आपल्याकडे उन्हाळ्यातलं ब्रीडिंग पक्ष्याच्या जिवावर येतं.

डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे आणि सातपुड्याच्या पायथ्याला रात्री १० अंशांच्या खाली जातात, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते. एक-एक लिटरच्या दोन बाटल्यांत गरम पाणी भरा, मोज्यांत घाला आणि पिल्लांच्या डब्याच्या दोन बाजूंना ठेवा. वरून घोंगडी टाका, पण हवेची छिद्रं मोकळी राहू द्या. दर दीड-दोन तासांनी पाणी बदला. थर्मासमध्ये उकळतं पाणी रात्रीच भरून ठेवा. खोलीत शेगडी पेटवू नका. मच्छर अगरबत्तीही नको, धूर पिल्लांना सोसत नाही.

दाणे खायला लागेपर्यंत

पिसं आली की पिल्लं पिंजऱ्यात हलवा. दांडी तळापासून दोन-तीन इंचांवर ठेवा. पसरट ताटलीत राळे, भिजवून मोड आणलेली बाजरी, उकडलेलं अंडं, मक्याचे दाणे, शेवग्याचा पाला ठेवा. जानेवारीत दादर ज्वारीचं हुरड्यातलं कणीस मिळालं तर त्याच्यासारखं काही नाही. दाणे मऊ असतात आणि पिल्लू खेळता खेळता सोलायला शिकतं. ठेवलेलं ओलं अन्न दोन-तीन तासांत काढा.

दाण्यावर यायला बजीला साधारण पाच-सहा आठवडे लागतात, लव्हबर्डला सहा-सात, कॉकाटीलला सात ते नऊ, लहान कन्युअरला आठ ते दहा. या काळात सर्वाधिक वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत घट होते, ती नैसर्गिक आहे. जास्त झाली तर बंद केलेलं भरवणं पुन्हा सुरू करा. आधी दुपारचं बंद करा, मग सकाळचं, रात्रीचं सर्वांत शेवटी. रात्री झोपताना क्रॉपमध्ये दाणे हाताला लागतात का, ते चार-पाच दिवस तपासल्याशिवाय ते बंद करू नका. भूक लागली की खाईल, म्हणून उपाशी ठेवणं घातक आहे. अर्धवट दाण्यावर आलेली पिल्लं घेऊ किंवा विकू नका. नव्या घरात गेलेलं असं पिल्लू ताटलीत चोच मारताना दिसतं, पण पोटात काही जात नाही.

मागे राहिलेला पक्षी

पिल्लं बाहेर पडली की खोकं काढा, नाहीतर एकटी मादीसुद्धा रिकामी अंडी घालत राहते आणि कॅल्शियम संपून तीही अंडं अडकून मरू शकते. समुद्रफेस आणि उकडलेलं अंडं चालू ठेवा. तीन महिने विश्रांती द्या. नवा जोडीदार आणलात तर ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, त्याची भांडीही वेगळी. मग दोन-तीन आठवडे शेजारच्या पिंजऱ्यात. दोघं जाळीला चिकटून एकमेकांशेजारी झोपू लागले की एकत्र करा, आणि खोकं पुढच्या हिवाळ्यातच लावा.